फुटामागं एक सूत

“ह्येचं कुलूप कुठं हाय?” अण्णांनी विचारलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

मी चहाचा कप धरून शेजारी उभी. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा म्हणजे रुळांचा सांधा, त्याची दीड महिना खपून केलेली छोटी प्रतिकृती. तो सांधा वरच्या खोलीत टेबलावर ठेवला होता, तोही मुद्दाम खिडकीशी, सकाळच्या उन्हात घासलेल्या कडा चमकाव्यात म्हणून. सगळा मिळून फूटभर लांब. अण्णा आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गल्लीतले सगळ्यांत जुने. पस्तीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीचशी मिरजेला, सांधेवाला म्हणून. त्यामुळं गल्लीत बाकी कुणी काय म्हणेल याची मला पर्वा नव्हती, यांनी काय म्हणावं याची होती. ते ‘झ्याक केलंस’ म्हणणार हे मी धरूनच चालले होते. त्यावर द्यायचं ‘छे हो, कुठलं काय’ हे उत्तरसुद्धा तयार होतं. त्यांनी एका रुळाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. सांध्याची हलती जीभ इकडून तिकडं केली, तिकडून इकडं केली. मग म्हणाले, “कुलूप न्हाई. ह्याच्यावरनं मी गाडी सोडणार न्हाई.” चहा घेतला, आज नळाला पाणी आलं नाही यावर दोन वाक्यं बोलले आणि गुडघा धरून जिना उतरून गेले.

माझा चहा निवला तो निवलाच.

साठीला टेकलेली, तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली बाई हे काय घेऊन बसली आहे, असं गल्लीनं विचारून झालं आहे. आमचे हे तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “बायका भिशी लावतात, हिनं स्टेशन लावलंय.” स्टेशन म्हणजे रुकडी. लहानपणी आजोळी जाताना पॅसेंजर तिथं क्रॉसिंगला थांबायची. दुतर्फा ऊस, गुऱ्हाळाच्या धुराचा गोडसर करपट वास, आणि समोरून येणारी गाडी दिसायच्या आधी रुळांतून येणारी ती बारीक झिणझिण. ते सगळं १:८७ या प्रमाणात आणायचं मी ठरवलं तेव्हा वाटलं होतं, रूळ काय, विकत मिळतात. मिळतातही. पण त्यांच्यातलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे परदेशातल्या चार फूट साडेआठ इंची गेजचं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागा, १९.२६ येतात. पावणेतीन मिलिमीटरचा फरक, त्यात काय एवढं, असं म्हणून मी पहिल्यांदा विकतचेच रूळ मांडले होते आणि त्यावर पुठ्ठ्याचे डबे उभे केले होते. तेव्हाही अण्णा आले होते. “अंग म्हशीचं आन् पाय शेळीचं,” एवढंच म्हणाले. त्यानंतर मला ते डबे बघवेनात. खरंच, ओटीपोट सुटलेल्या माणसानं पाय जुळवून उभं राहावं तसे दिसत होते. बहुतेक शौकीन ही तडजोड करतात आणि सुखानं गाड्या चालवतात. मला जमलं नाही. मग विकतच्या लवचिक पट्ट्यांतून नुसते रूळ ओढून काढले, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून चाकांचे आस लांब करून घेतले (“एवढ्याशा जॉबचं पैसं काय घेऊ, वहिनी?” म्हणाला आणि घेतलेही), आणि रूळ हातानं बसवायला लागले. सरळ रूळ कुणालाही जमतील. खरी परीक्षा सांध्याला.

सांधा म्हटलं की लोकांना लगेच आयुष्यातली वळणं आठवतात. माझ्या निरोपसमारंभात एका वक्त्यानं ‘आज बाईंची गाडी रूळ बदलते आहे’ असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. त्यांना एक सांधा घासायला द्यावा असं आता फार वाटतं. रूळ बदलण्यात काही भव्यदिव्य नाही, सगळं कानशीचं काम आहे. रेल्वेवाले ज्याला टंग रेल म्हणतात ती जीभ टोकाकडं निमुळती होत होत ब्लेडच्या पात्याइतकी व्हावी लागते. ती बाजूच्या मोठ्या रुळाला अशी चिकटली पाहिजे की चाकाला तिथं काही आहे याचा पत्ता लागू नये. रूळ निकेल सिल्व्हरचा, म्हणजे जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त. (आमच्या घरात अॅल्युमिनियमच्या पातेल्यालाही ‘जर्मन’च म्हणायचे, त्यामुळं हा रूळ पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी बराच वेळ चुकीच्या धातूचा विचार करत होते.) जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उंचीचा. मीटरमागं बावन्न किलो वजनाच्या खऱ्या रुळाची उंची १५६ मिलिमीटर, तिला भागलं की एवढीच येते. तो लाकडी ठोकळ्यावर धरायचा आणि कानस नेहमी टोकाच्या दिशेनं न्यायची. उलटी आणली की टोक फाटतं. दोनशे वेळा घासलं की एकदा नखावर ओढून बघायचं. नख अडलं, की अजून दोनशे.

कानशी बाबांच्या.

बाबा उद्यमनगरात पॅटर्न करायचे. ओतीव काम व्हायच्या आधी त्या वस्तूचं लाकडी रूप करावं लागतं, ते वाळूत दाबून साचा करतात, मग त्यात लोखंडाचा रस. पंपाचं अंग, इंजिनाचा हेड, उसाच्या घाण्याचा दात, सगळं आधी बाबांच्या हातून सागवानात व्हायचं. मी डबा घेऊन जायची ती दारापर्यंत. आत पोरींनी यायचं नाही हा नियम बाबांचाच. भाऊ आत जायचा, भुशात लोळायचा, रंध्याला हात लावायचा आणि ओरडा खायचा. मी उंबऱ्यावर उभी राहून भुशाचा आणि चंद्रसाच्या पॉलिशचा वास घ्यायची. ओरडा खाण्याचासुद्धा मला हेवा वाटायचा. भावानं पुढं औषधाचं दुकान टाकलं, आणि बाबा गेल्यावर त्यांची पेटी आमच्या खालच्या मजल्यावर येऊन पडली. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा घरात शिरली तेव्हा ती पाच दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर झाकण उघडलं तर आत चिखलाचा लोणीथर, त्याचा तो कुजकट थंड वास, आणि त्याखाली ओळीनं लावलेल्या कानशी, गोल, त्रिकोणी, अर्धगोल, जशा त्यांनी ठेवल्या होत्या तशाच. भंगारवाला दारात उभा होता. गादी, कपाट, मिक्सर, भावाचा जुना रेडिओ सगळं दिलं. पेटी दिली नाही. रॉकेलमध्ये कानशी बुडवून दात घासायच्या ब्रशनं मी एकेक साफ करत बसले, आणि आपण हे का करतोय हे विचारायला घरात कोरडी खुर्चीसुद्धा नव्हती.

त्याच पेटीत पोलादी पट्ट्या सापडल्या. दोन.

यातली एक पट्टी माझ्या ओळखीची होती, म्हणजे असायला हवी होती. सातवीत असताना मी ती गुपचूप दप्तरात घालून शाळेत नेली होती. लाकडी पट्ट्यांच्या वर्गात पोलादी पट्टी, केवढी ऐट! भूमितीच्या वहीतली एकूण एक आकृती चुकली. बाईंनी पट्टी लावून दाखवली: लांबीची प्रत्येक रेघ जराशी लांब. घरी येऊन रडले तर बाबा आधी हसले आणि मग पट्टी माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, “ती लोखंडासाठी हाय, कागदासाठी न्हाई.” ओतीव लोखंड थंड होताना आक्रसतं, साधारण शेकडा एक. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच मोठी करून ठेवायची. तिच्यावरचा फूट हा खऱ्या फुटाहून एक सूत लांब. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फुटामागं एक सूत. पुढं मी स्वतः भूमिती शिकवायला लागल्यावर दर वर्षी आठवीला ही गोष्ट सांगायची. मापात चूक आणि मापात ठेवलेली जागा यांतला फरक मुलांना तिच्यामुळं चटकन कळायचा. तीस तुकड्यांना सांगितली असेल.

आणि माझ्या पहिल्या सांध्याचा आराखडा मी त्याच पट्टीनं काढला! गंजानं दोन्ही पट्ट्यांच्या पाठीवरची अक्षरं खाल्ली होती. हाताला आली ती घेतली. एकास साडेआठचा सांधा, म्हणजे साडेआठ पावलं पुढं जाताना एक पाऊल बाजूला. आपल्याकडं यार्डात असा असतो. लांब मापं पट्टीनं घेतली, बारीक मापं व्हर्नियरनं. तांब्याचा थर दिलेल्या सर्किट बोर्डाचे स्लीपर कापून चिकटवले, रूळ झाळून बसवले, राळेच्या धुरानं घर देवळासारखं केलं, आणि शेवटी दोन रूळ जिथं एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंगचं नाक ठेवायला गेले तर ते तीन मिलिमीटर पुढं. सगळं तपासलं. कोन बरोबर, गेज बरोबर. रात्री अकरा वाजता, दिवा मालवताना, एका टेबलावर पडलेल्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या. एका टोकाला जुळवल्या. दुसऱ्या टोकाला एक सूत उरलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बराच वेळ ते उरलेलं सूत बघत बसले.

दुसऱ्या सांध्याच्या वेळी मात्र नाक झाळताना हात टेकले. दोन रूळ तिरके घासून जोडायचे, त्यांचं मिळून एक टोक करायचं. एक जोड लागला की शेजारचा सुटायचा. उष्णता धातूतून पळते आणि आधीचं सोल्डर वितळवते. चार वेळा सुटल्यावर डबीत दोन तुकडे घालून गुजरीत गेले. आमच्या सासूबाईंचा साज ज्यांनी ओवून दिला होता त्यांच्या मुलाचं दुकान. “या वहिनी, पाटली का बिलवर?” मी डबी उघडली. त्यानं तुकडे तळहातावर घेतले, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. “हे काय, नाकातलं?” नाकच म्हणायचं, मी म्हटलं. मग त्यानं जे केलं ते मी आजही डोळ्यासमोर ठेवून झाळते. आधी जुन्या जोडावर ओल्या कापडाची चिंधी गुंडाळली. सवागी लावली. आच डाकाला दिली नाही, तुकड्यांना दिली, तीही जाड बाजूनं. “वहिनी, डाक ऊन जागेकडं पळतो. त्याला ढकलायचं नाही, बोलवायचं.” आणि खरोखर तो चिमुकला कण क्षणभर गोळी होऊन थांबला आणि मग दिसेनासा झाला, फटीत शिरला. पैसे विचारले तर म्हणाला, हे सोनं नव्हे, घडणावळ कशी लावू. जाताना मात्र विचारलंच, “पण घालायचं कुठं हे?”

क्रॉसिंगचं नाक ही सांध्यातली सगळ्यांत मजेची जागा, इथं जरा रेंगाळते. दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात म्हणजे चाकाची कड पलीकडं जायला रूळ तोडावा लागतो. तेवढ्या फटीवर चाकाच्या बाजूला त्याला वाट दाखवणारं काहीही नसतं. मनात आणलं तर ते चुकीच्या बाजूनं नाकावर आदळू शकतं. आदळत नाही, कारण समोरच्या रुळाला आतून आणखी एक लहानसा रूळ लावलेला असतो, चेक रेल. तो धरतो दुसऱ्याच चाकाला, त्याच आसावरच्या पलीकडच्या. त्याची पाठ धरून ठेवली की आस सरकत नाही आणि फटीवरचं चाक सरळ जातं. गाडीत बसून स्टेशनात शिरताना जो खडाड्-खट् असा आवाज येतो त्यात या फटीचा वाटा मोठा. खऱ्या रुळात चेक रेलची ही फट ४४ ते ४८ मिलिमीटर. भागल्यावर माझ्याकडं अर्धा मिलिमीटर यायला हवी. पण बाजारातल्या चाकांची कड प्रमाणाहून जाड, म्हणून मला सव्वा ठेवावी लागली. जवळून बघणाऱ्याला ते कळतं. अण्णांना कळलं असणार, बोलले नाहीत.

वीज ही वेगळी पीडा. दोन रुळांतून दोन तारांसारखा प्रवाह, आणि नाकाशी तेच दोन रूळ एकमेकांना भेटतात. सोनारी करवतीच्या केसासारख्या पात्यानं दोन्हीकडं रूळ चिरून नाक वेगळं काढलं, पाती सात मोडल्या. तेवढ्यावर हा विषय पुरे.

अण्णांचं ‘कुलूप’ डोक्यातून जाईना. खेळण्यातल्या सांध्याला कसलं कुलूप? मी काय माणसं नेणार आहे त्यावरून? आठवडाभरानं त्यांच्याच कट्ट्यावर जाऊन बसले. अण्णा शेंगा सोलत होते. मिरजेच्या गोष्टी त्यांनी पूर्वीही सांगितल्या होत्या: १८९१ साली कोल्हापूरची लाइन सुरू झाली ती मीटरगेज, ते स्वतः रेल्वेत लागले तेव्हाही मीटरगेजच, मग ब्रॉडगेज आली, शिवाय पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज होतीच. म्हणजे एका गावात तीन मापांचे रूळ. पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते न विचारता. पावसाळी रात्र होती. शंटिंग चालू. सांधा ओढला, बरोबर बसला असं वाटलं, हाताला तसं लागलं. जीभ आणि रूळ यांच्यामध्ये खडीचा एक खडा अडकला होता. डब्याची पुढची चाकं गेली एका लाइनवर आणि मागची दुसऱ्या. “डबा आडवा. हळू हुता, कुणाला काय झालं न्हाई.” शेंगा सोलायचे थांबले नाहीत. “कुलूप म्हंजे दाराला लावायचं न्हवं. जीभ पुरती बसली तरच बोल्ट खाचंत जातो. न्हाई बसली तर जात न्हाई. आपल्या हातावर इश्वास ठेवायचा न्हाई, म्हनून कुलूप.” मग त्यांनी चाचणी सांगितली. पाच मिलिमीटर जाडीची पट्टी मध्ये घालतात आणि सांधा ओढतात. पट्टी असताना कुलूप लागलं तर सांधा नापास.

घरी येऊन पाचाला सत्त्याऐंशीनं भागलं. मिलिमीटरचा सतरावा-अठरावा भाग. एवढ्या जाडीची वस्तू घरात शोधायला लागले आणि विंचरताना फणीत सापडली.

कुलूप करायला पंधरा दिवस गेले. बोल्टला मिरजेहून तंबोऱ्याची पोलादी तार आणली. सतारमेकर गल्लीतल्या दुकानदारानं ‘जोडाची का खर्जाची’ विचारलं तेव्हा जी सरळ राहील ती द्या म्हटलं. दोन्ही जिभांना जोडणाऱ्या पितळी पट्टीत खाच केली. जीभ बसली की खाच तारेसमोर येते आणि तार आत सरकते. पहिल्यांदा ती ‘टिक’ करून आत गेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी खाली जाऊन साखरेचा डबा उघडून चिमूटभर साखर तोंडात टाकली.

काल अण्णांना बोलावलं. जिना चढताना तीनदा थांबले. या वेळी मी चहा आधीच देऊन टाकला. त्यांनी तार ओढली, ढकलली, पुन्हा ओढली. “हां. आता पट्टी.” मी वेणीतला एक केस उपटला, निम्मा पांढरा, निम्मा काळा. अण्णांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि हसले, तेवढंच. जिभेच्या टोकाजवळ, ते म्हणाले तिथं, मी केस आडवा धरला. त्यांनी जीभ बसवली आणि तार ढकलली.

टिक.

केस मध्ये असताना कुलूप लागलं होतं. मी लगेच कानस उचलली. अण्णांनी मनगट धरलं, जुन्या सवयीनं असेल, चांगलं घट्ट. “काय घासतीस? खाच मोठी झालीया. घासून बारीक हुती व्हय? नवी कर.” आणि दर वेळी उभ्या उभ्या चहा पिऊन जाणारे अण्णा स्टूल ओढून खिडकीशी बसले, चष्मा नाकावर घेतला. मी पितळेचा नवा तुकडा काढला, आखायची सुई शोधली. त्यांनी टेबलावरची पोलादी पट्टी माझ्यापुढं धरली. मी ती उलटी करून बघितली, त्यांच्या हातात परत दिली आणि दुसरी घेतली.